रुक्माबाईचं पान

जयमालाचा राग गावाला नवा नव्हता. मोताळ्याहून नांदुऱ्याकडे जाताना आडवा फाटा लागतो, त्याच्या टोकाला सावरदरा. सावरदऱ्यात मारुतीच्या देवळाला भिंत लावून पिठाची गिरणी, आणि गिरणीत डोक्याला फडकं बांधून, भुवयांवर पीठ घेऊन उभी असलेली जयमाला. लग्नात नवऱ्याच्या मामानं मानपानावरून तोंड वाकडं केलं, तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या या नवरीनं सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "मामा, तोंड सरळ करा, फोटो काढून राह्यले." पुढे एकदा एसटी फाट्यावर न थांबता निघून गेली, तर ही संध्याकाळच्या फेरीला बसच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, बाजूला व्हा." ही म्हणाली, "सकाळी काऊन थांबला नाही, ते आधी सांग." त्यानं कान धरला तेव्हा बस हलली.

तिचा नवरा इंद्रभान मात्र शांत. जात्याची वरची तळी फिरते, खालची बसून राहते, म्हणून दळण पडतं, असं तो स्वतःच म्हणायचा. गावातल्या बायका जयमालाला भ्यायच्या आणि दळण मात्र तिच्याकडेच टाकायच्या, कारण तिच्या गिरणीत गव्हात ज्वारी मिसळत नसे आणि वजनाला कोणी बोट लावत नसे. तिचा राग असा होता, यायचा, गरजायचा, आणि चहाचं पाणी उकळेपर्यंत निवायचा.

त्या पिक्चरचा राग निवला नाही.

जयमालाचं सासर आणि माहेर दोन्ही गावातच. तिची आई रुक्मिणीबाई, गावाची रुक्माबाई, सुईण होती. आता बायका बाळंतपणाला दवाखान्यात जातात, ॲम्ब्युलन्स येते. तेव्हा ओढ्याला पूर आला की सावरदरा जगापासून तुटायचं आणि अडलेल्या बाईपाशी देव आणि रुक्माबाई, एवढे दोघंच असायचे. त्यातही देवाचा भरवसा नसायचा. सरकारनं बुलढाण्याला सुईणींना शिकवायला बोलावलं, तेव्हा रुक्माबाई घाट चढून गेली आणि परत येताना एक पेटी आणि एक फोटो घेऊन आली. पेटीत कात्री, दोरा, साबण. फोटोत ती स्वतः, पेटी पोटाशी धरून, कपाळावर आठ आण्याएवढं कुंकू, आणि उन्हामुळे डोळे बारीक केलेले. तिचा तेवढाच एक फोटो. पुढे तापाचं निमित्त होऊन ती भरल्या कपाळानं गेली. मागे नवरा राहिला, कारभारी. आता म्हातारा झालाय, डोळ्यांना कमी दिसतं, पण रोज अंघोळ झाली की त्या फोटोपुढे उदबत्ती लावल्याशिवाय चहाला हात लावत नाही.

या फोटोवर नजर पडली ती शंतनुची.

शंतनु पुण्याचा. पिक्चरसाठी जागा सजवणं हे त्याचं काम. भुताच्या एका जुन्या, नावाजलेल्या गोष्टीवर पिक्चर निघत होता आणि गावाबाहेर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मालकाचा बंगला वर्षानुवर्षं कुलपात पडला होता, तो त्यांना पसंत पडला. उंच खिडक्या, लाकडी जिना, छपराला वटवाघळं, आणखी काय पाहिजे? महिनाभर गावात जनरेटर धडधडत होता. शंतनु घरोघर फिरून जुन्या वस्तू मागायचा. घंगाळं, पाळणा, कंदील, काय असेल ते. गोड बोलायचा. कारभारीच्या ओसरीवर मांडी घालून बसला, काळा चहा प्यायला आणि म्हणाला, "आजोबा, आजींचा चेहरा काय तेजस्वी आहे हो! आमच्या पिक्चरमधल्या घरात भिंतीवर असा एक फोटो हवाय."

कारभारीला काय समजलं? जे कोणालाही समजलं असतं तेच. घराच्या भिंतीवर फोटो असतो तो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा. पिक्चरमधल्या एवढ्या मोठ्या बंगल्याची वडीलधारी बाई म्हणजे आपली रुक्मा. म्हाताऱ्यानं काच धोतराच्या सोग्यानं पुसली, शेवंतीचा ताजा हार घातला आणि फोटो त्याच्या हातात देताना बजावलं, "हिच्यापुढं रोज उदबत्ती लावा बरं का." जयमाला त्या दिवशी गिरणीचा पट्टा आणायला नांदुऱ्याला गेली होती. परत आल्यावर तिला कळलं तेव्हा तिलाही बरंच वाटलं. पुढे शूटिंग संपलं, घंगाळं परत आली, फोटोही हारासकट परत आला. कारभारीनं तो खुंटीला अडकवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला, आमची घरधनीण पिक्चरमध्ये गेली.

पिक्चर आला. नाव काय, तर ‘रिकामा पाळणा’. आधी टॉकीजला, मग सगळ्यांच्या मोबाईलवर. जयमालानं तो गिरणीतच पाहिला, दळण संपल्यावर, पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून.

बंगल्यात नवी सून येते. तिला दिवस जातात. भिंतीवर एका बाईचा फोटो असतो, आणि ती बाई कोण, तर त्या घरची मेलेली सुईण. जिवंतपणी पोरं नख लावून मारायची आणि मेल्यावरही पाळण्यापाशी येते. फोटोतली पेटी कापून टाकली होती. नुसता चेहरा ठेवला होता, आणि त्या चेहऱ्याचे बारीक डोळे हळूहळू उघडत मोठे होत होते. उदबत्तीही होती. म्हाताऱ्यानं सांगितली होती ना, म्हणून लावली होती, आणि तिचा धूर त्या डोळ्यांवरून फिरवला होता. मग पाळणा हलतो, आत बाळ नसतं, आणि पडदाभर रुक्माबाई हसते.

जयमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटची पाटी येईपर्यंत ती हलली नाही. त्या पाटीवर ‘सावरदरा ग्रामस्थांचे आभार’ असं लिहिलेलं तिनं वाचलं, आणि मग मोबाईल असा आपटला की इंद्रभान धावत आला.

दुसऱ्या दिवशी तिनं शंतनुचा नंबर मिळवला.

"ताई, तो फक्त एक फोटो होता हो," शंतनु म्हणाला. "कथेची गरज होती. बाहेर कोण ओळखणार त्यांना?"

"कथेची गरज? ती गोष्ट आमच्या गुरुजींनी आम्हाले शाळेत वाचून दाखवली होती. त्या गोष्टीत बाई दिसतच नाही. नुसत्या बांगड्या वाजतात. तिले चेहराच नाही, म्हणून तर भेव वाटते."

"बरोबर आहे, पण पिक्चरला चेहरा लागतो ना. प्रेक्षकांना काहीतरी दाखवावं लागतं."

"मग तुह्या आईचा लावायचा होता."

तो अवघडून म्हणाला, "ताई, माझी आई जिवंत आहे."

"आन् माही मेली म्हणून फुकटात पडली का? ज्या बाईनं गावाची लेकरं जगवली, तिले तू लेकरं मारणारी केलं. काही लाज?"

"फोटो तर आम्ही व्यवस्थित परत केलाय, ताई."

"फोटो आला," जयमाला म्हणाली. "माय नाही आली परत." आणि फोन ठेवून दिला. नंतर तिचा फोन त्यानं उचललाच नाही.

पुण्याच्या माणसाचं एक वेळ सोडून देऊ. त्याचा रुक्माबाईशी काय संबंध? खरा विषय गावाचा आहे, आणि तो सांगताना माझंही डोकं फिरतं. जे गाव तिच्या हातांत जन्मलं, त्या गावानं महिन्याभरात तिला हडळ करून टाकलं. पोरं झोपत नसली की आया म्हणायला लागल्या, "झोप, नाहीतर रुक्माबाई येईल." कारभारीच्या दारावरून जाताना पोरी पदर डोक्यावर घ्यायला लागल्या. दूध घालायला येणारी बाई ओसरीवर चढेना, अंगणातूनच भांडं सरकवू लागली. म्हाताऱ्याला अंधुक दिसत असल्यामुळे हे कळत नव्हतं, आणि जयमालानं त्याला पिक्चरमधलं काही सांगितलं नव्हतं. तो अजून विचारायचा, "रुक्मा चांगली दिसली का गं पिक्चरमध्ये?" ती म्हणायची, "चांगली दिसली, आबा." आणि गिरणीत जाऊन पट्ट्यावर ओरडायची.

मग पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, लागला.

नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पान पितरपाटातल्या नवमीला असतं. अहेव नवमी. त्या दिवशी गावातल्या एका सवाशिणीला बोलवायचं, तिचे पाय धुवायचे, कुंकू लावून ओटी भरायची आणि गेलेल्या बाईच्या नावानं तिला पोटभर जेवू घालायचं. ती उठली की घरच्यांनी जेवायचं, त्याआधी नाही. रुक्माबाईच्या पानावर पहिल्या वर्षापासून एकच सवाशीण बसत आली होती, गोजरबाई. तिचा गोपाल पायाळू. म्हणजे पाय पुढे येऊन जन्मलेला. असं मूल अडलं की आईही जाते आणि मूलही. रुक्माबाईनं दोघांना राखलं होतं, तेव्हा जयमाला चौदा वर्षांची, कंदील धरून उशाशी उभी होती. त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी रुक्माबाई गेली, आणि गोजरबाई आपण होऊन म्हणाली होती, "तिच्या पानावर मीच बसीन. माह्या हयातीत दुसरीले बसवायचं नाही."

नवमीच्या आदल्या दिवशी जयमाला कुंकवाचा करंडा घेऊन तिच्याकडे आवतन द्यायला गेली. गोजरबाई अंगणात शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"यंदा नको, जयमाला."

"काऊन?"

"सून दिवसात हाय. लय वर्सानं दिवस गेले तिले, तुले ठाऊक हाय. तुमच्या घरचं खाऊन मी तिच्यापाशी येणार…" तिनं पुढची शेंग सोलायला घेतली.

"काय म्हणून राह्यली तू? माह्या मायचं पान, आन् तुले भेव वाटते?"

"मले नाही वाटत गं. पोरीले वाटते. तिनं तो पिक्चर पाह्यला. झोपत नाही ती."

जयमाला दुसऱ्या घरी गेली. तिथली म्हणाली, माझा उपास आहे. तिसरी माहेरी निघाली होती, आणि पिशवी भरलेली दाखवायलाही विसरली नाही. आणखी दोन दारं तिला पाहून नुसतीच लोटली गेली. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपण फार ऐकलेली आहे. वैद्य मेल्यावर त्याला भूत ठरवायचं, हे सावरदऱ्यानं नवीन काढलं.

इंद्रभान म्हणाला, "माही बहीण मोताळ्याची. तिले आणतो सकाळच्या गाडीनं."

"गावातल्या बायका मायनं सोडवल्या, आन् तिच्या पानावर परगावची सवाशीन? त्यापरीस पान न मांडलेलं बरं."

"मग तूच बस."

"लेक वाढणारी असते. आईच्या पानावर बसणारी नसते," असं म्हणून ती उडीद भिजवायला उठली. पान मांडायचं तिनं ठरवलंच होतं.

नवमीला सकाळपासून कारभारीचं घर वड्यांच्या तळणानं भरून गेलं. कढी, गवारीची भाजी, तांदळाची खीर, पुरणाच्या पोळ्या. ओसरीत पाट मांडला, समोर केळीचं पान, भोवती रांगोळी. कारभारी धुतलेलं धोतर नेसून भिंतीला टेकून बसला. चहासुद्धा घेतला नव्हता. दर थोड्या वेळानं विचारायचा, "गोजर आली का?"

"येते, आबा."

ऊन अंगणातून ओसरीच्या पायरीवर चढलं. कढीवर साय धरली.

"जयमाला," म्हातारा म्हणाला, "माह्यापासून काय लपवून राह्यली?"

तेव्हा तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. पिक्चरमधला पाळणा, डोळे, उदबत्तीचा धूर. म्हातारा ऐकत राहिला. मग त्यानं फोटोच्या दिशेला तोंड केलं आणि म्हणाला, "मीच देलं होतं तिले. माह्या हातानं देलं होतं." आणि लहान पोरासारखा हुंदका देऊन रडला.

जयमालानं बापाला रडताना कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. ती उठली, पदर खोचला आणि चपलाही न घालता निघाली. थेट मारुतीच्या देवळात. तिथल्या भोंग्यावरून गावाला रेशन आल्याचं, शेळी चुकल्याचं, नळाला पाणी सुटल्याचं सांगतात. तिनं बटण दाबलं, माईकवर बोट आपटलं.

"हॅलो. समस्त गावकरी मंडळीले कळवण्यात येते," इथपर्यंत तिचा आवाज रेशनच्या पुकाऱ्यासारखा सरळ होता. "कळवण्यात येते की, आज रुक्माबाईचं पान हाय आन् त्याच्यावर बसाले गावात एक सवाशीन नाही. सगळ्याइले भेव वाटते. ती लेकरं खाते म्हणे. तं मी इचारतो, कोणाचं खाल्लं? पुढं येऊन सांगा. उत्तमराव, सरपंच साहेब, तुमी ऐकून राह्यले ना? तुमी जन्मले तवा निळे पडले होते. रडेच ना. मायनं तुमाले उलटं धरून ढुंगणावर अशी चापट देली, तवा तुमचा आवाज निंघाला. आज सभेत एवढं बोलता, तो आवाज माह्या मायनं काढून देला हाय. तिनं तुमाले खाल्लं असतं तं गावाचे दोन घंटे तरी वाचले असते!"

चावडीवर कोणीतरी फिस्सकन हसलं आणि गप्प झालं. गावात एरवी त्या वेळेला कुठेतरी रेडिओ, कुठेतरी ट्रॅक्टर चालू असतो. त्या दिवशी एकेक आवाज बंद होत गेला.

"आन् गीताबाई, दार लोटून घेतलं ना काल? तुमच्या जुळ्याइतली धाकटी मुठीएवढी होती. सासू म्हणे, ठेवा बाजूले, जगत नाही. मायनं तिले कापसात गुंडाळून, पोटाले बांधून आठवडाभर फिरवली. निंदाले गेली तं वावरात घेऊन गेली. आज ती पोरगी जळगावले नर्स हाय. तुमच्या लेकीले फोन करा, इचारा, हडळीच्या पोटाची ऊब कशी असते!"

तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही.

"गोजरबाई. तुह्या गोपालचे पाय आधी आले. तुह्या सासऱ्यानं लाकडं काढाले सांगितले होते, हे तुले कोणी सांगितलं नाही, आज मी सांगतो. दोघाइची आशा सोडली होती घरानं. माह्या मायनं सोडली नाही. कंदील माह्या हातात होता, मी सारं पाह्यलं. तो निंघाला तवा तिनं आधी त्याले नाही, तुले पाह्यलं. म्हणे, गोजर, डोळे उघड, पोरगा झाला. तुनं उघडले. आता मिटू नको." एवढं बोलून तिनं बटण बंद केलं. मग पुन्हा चालू केलं. "कढी गार होऊन राह्यली. माहा बाप उपाशी हाय. इति."

ती घरी आली तेव्हा पान तसंच होतं. ती उंबऱ्यावर बसली. कोणी येणार नाही, हे ती धरून चालली होती. लोक चिडले असतील, उत्तमराव तर नक्कीच. चिडू देत. आता ही खीर कावळ्याला घालायची आणि बापाला कसं जेवायला लावायचं, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता.

पावलं वाजली. गोजरबाई येत होती. नवं लुगडं अर्धवट नेसलेलं, केस ओले, तोंड लाल. अंगणातूनच तिनं सुरुवात केली.

"लाज नाही वाटत तुले? माह्या बाळंतपणाचं भोंग्यावर सांगते? माणसं ऐकून राह्यली, जावई ऐकून राह्यले! गोपाल चावडीवर बसला होता, त्याले मान वर करता येईना! मायसारखीच तोंडाची फाटकी!"

"मग काऊन आली?" जयमाला उठून उभी राहिली.

"जेवाले आली! आवतन देलं होतं का नव्हतं?"

"देलं होतं."

"मग पाय धू."

जयमालानं पाय धुतले, रागातच, पाणी चांगलं हातभर उडवत. कुंकू लावलं. ओटी भरली. पाट मांडला होता तो फोटोकडे पाठ येईल असा, कारण कोणाला नकोसं वाटू नये म्हणून जयमालानंच सकाळी तो तसा ठेवला होता. गोजरबाई बसायला वाकली आणि थांबली. तिनं पाट उचलला, फिरवला, पान फिरवलं, आणि फोटोच्या अगदी समोर बसली. वर बघत राहिली. बराच वेळ.

"ह्या पिक्चरवाल्याइनं," ती म्हणाली, "डोळे मोठे करून दाखवले. रुक्माबाईचे डोळे असे बारीकच होते. हसली की दिसतच नव्हते." मग पानाकडे वळून, "वाढ. अन् कढी गरम करून आण. गार कढी मले चालत नाही, तुह्या मायले ठाऊक होतं."

ती जेवली. पुरणाची पोळी दोनदा मागून घेतली. हात धुताना म्हणाली, "सुनेले सांगून आली. म्हटलं, तुहा नवरा जिच्या हातात निंघाला तिचंच खाऊन येतो. रडली. पण झोपली आता." पदराला हात पुसत तिनं फोटोला नमस्कार केला. "लेकरू झालं की सव्वा महिन्यानं घेऊन येतो. देवळात मागून. आधी इथं. तुह्या मायले दाखवाले."

जयमालाला काहीतरी तिखट बोलायचं होतं. पण ती उष्टं पान उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

भिंतीपाशी कारभारी हलला. चाचपडत पाटापर्यंत आला, गोजरबाई उठली होती त्याच जागेवर बसला, आणि म्हणाला, "जयमाला, आता माह्यं पान वाढ. लय भूक लागली."